अंश आणि छेद : एका व्याख्येची मीमांसा

साहित्यविचारात गणिताविरुद्ध एक तक्रार वारंवार नोंदवली जाते. संख्या माणसाचे माणूसपण पुसून टाकते, गणित अमूर्त असल्याने दुःखाला स्पर्श करू शकत नाही, आणि आधुनिक राज्यसंस्था याच अमूर्ततेच्या आधाराने माणसांचे आकडे करते, असे तिचे स्वरूप असते. ही तक्रार खोटी नाही, पण आळशी आहे. गणित समाजव्यवहारात नेमके कोठे शिरते आणि तेथे कोणते कार्य करते, याची चौकशी न करताच ती केली जाते. अशा चौकशीसाठी पनवेलजवळचे नेरे हे गाव उपयोगी ठरावे.

नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. संस्थेच्या नावातील 'निवारण' हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. याच रोगाच्या संदर्भात मराठीत आणखी दोन शब्द रूढ आहेत : 'निर्मूलन' आणि 'दुरीकरण'. निवारणाचा रोख यातनेकडे आहे, निर्मूलनात मूळच उपटण्याची प्रतिज्ञा आहे. दुरीकरणाचा अर्थ मात्र कोश उघडून कळणारा नाही, कारण तो एका अपूर्णांकात दडलेला आहे. लोकसंख्येतील दर १०,००० माणसांमागे नोंदीवरील रुग्णांचे प्रमाण एकाहून कमी झाले, की सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे 'दुरीकरण' झाले, असे १९९१ साली जागतिक पातळीवर ठरवण्यात आले. मुदत २००० सालची होती. भारताने राष्ट्रीय सरासरीने ही मर्यादा डिसेंबर २००५ मध्ये गाठली, आणि पुढे हा रोग देशातून गेल्याचा समज पसरला.

या अपूर्णांकाची घडण तपासली पाहिजे. एखाद्या क्षणी नोंदीवर किती रुग्ण असतील, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : दरवर्षी किती नवे रुग्ण सापडतात आणि प्रत्येक रुग्ण किती काळ नोंदीवर राहतो. स्थिर परिस्थितीत या दोहोंचा गुणाकार म्हणजेच नोंदीवरील संख्या. वर्षाला १,००० नवे रुग्ण सापडत असतील आणि उपचार २४ महिन्यांचा असेल, तर नोंदीवर २,००० जण असतील. उपचार १२ महिन्यांवर आणला की तेथे १,००० उरतील. एकाही माणसाला रोग होण्याचे टळलेले नसताना प्रमाण निम्मे होईल. बहुजंतुक रुग्णांसाठी बहुविध औषधोपचाराचा कालावधी १९९०च्या दशकाच्या अखेरीस असाच २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला गेला. त्यामागे वैद्यकीय आधार होता आणि रुग्णाच्या दृष्टीने ती सुटकाच होती. त्या औषधांनी लक्षावधी माणसे बरी झाली, हेही निर्विवाद आहे. तथापि २००५ नंतरची दहाएक वर्षे भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जात राहिले, आणि २०२२ सालीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतातलेच होते. राष्ट्रीय सरासरीखाली गडचिरोली, चंद्रपूर यांसारखे जिल्हे झाकले गेले, ते वेगळेच.

येथे गणिताने असत्य सांगितले काय? वस्तुतः गणिताची विधाने सशर्त असतात. अमुक व्याख्या स्वीकारली तर तमुक निष्पन्न होते, एवढेच ते सांगते. व्याख्या स्वीकारावी की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. वरील गुणाकार मुंबईत खरा आहे, नेऱ्यातही खरा आहे, आणि त्या खरेपणात कोणाचेही हित-अहित गुंतलेले नाही. दोष घडतो तो काटेकोर व्याख्या केलेल्या राशीला दैनंदिन भाषेतला सैल शब्द चिकटवला जातो तेव्हा. 'दुरीकरण' हा शब्द ऐकणारा माणूस अपूर्णांक ऐकत नाही, तो रोग गेला असे ऐकतो. ही लबाडी भाषेची आहे. ती उघडकीस आणली तीही त्याच गुणाकाराने. संहितेकडे संशयाने पाहण्याची सवय असलेल्या समीक्षकाने सूत्राकडेही तसेच पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कामात अशा वाचनाचा वस्तुपाठ मिळतो. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा हाच गणिती आहत नाण्यांची वजने घेत होता. चलनात फिरताना नाणे झिजते. एकेका नाण्याची झीज सांगता येत नाही, समूहाची मात्र नियमाने आढळते. समूहाविषयीचे विधान एकट्या नाण्याविषयीचे मानायचे नाही, हे पथ्य या पद्धतीत अंगभूत आहे. आरोग्यखात्याच्या घोषणेत नेमके तेच सुटले.

तरीही अपूर्णांकाला केवळ आरोपी ठरवता येत नाही. औषध पूर्ण केलेला माणूस अंशातून वजा होतो, पण छेदात राहतो. दहा हजारांतला एक म्हणून तो इतर सर्वांच्या बरोबरीने मोजला जातो. समाजाने आणि कायद्याने ही बरोबरी इतक्या सहजी दिली नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होते. याबाबतीत छेद कायद्याच्या पुढे होता. मात्र मज्जातंतूंची झालेली हानी औषधाने भरून येत नाही. बोटांचे बधिरपण उरते, आणि अंशातून बाहेर पडलेल्या माणसाचे ते बधिरपण कोणत्याच रकान्यात बसत नाही.

२०११ नंतरच्या जागतिक धोरणात अंश बदलला. निदानाच्या वेळीच दृश्य विकृती आलेले नवे रुग्ण किती, हे लोकसंख्येच्या प्रमाणात मोजले जाऊ लागले. ही संख्या उशीर मोजते : चट्टा किती काळ झाकला गेला, तपासणीसाठी दारापर्यंत कोणी आले की नाही. गणित तेच राहिले, कोणाकडे पाहायचे हा निर्णय बदलला. उपचार संपून वर्षे लोटलेला, पण घरी परतण्याची वाट बंद झाल्यामुळे शांतिवनासारख्या ठिकाणी वृद्ध होणारा माणूस या नव्या अंशातही येत नाही, कारण तो नवा रुग्ण नाही.