पाखरे दळत नाहीत



ऑक्टोबर महिन्यातला शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली तो सुरू केला. त्या दिवशी आपण दानाचे पाकीट पेटीत टाकतो, आणि मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फादर किंवा सिस्टरच उभ्या राहतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र १९६५ साली मिशनकार्यावरील आपल्या आदेशपत्रात प्रापंचिकांचाही वाटा स्पष्टपणे सांगितला. तेव्हा समजा, आपल्याच धर्मग्रामातले एक जोडपे आहे. शाळेत जाणारी दोन मुले, घरात म्हातारी आई, घराच्या कर्जाचे हप्ते चालू. ते येऊन म्हणतात, "फादर, नोकरी सोडून आम्ही वर्षभर मिशनच्या प्रशिक्षणाला जातो. देव पुरवील." त्यांना काय सांगावे?

काही जण म्हणतील, हा वेडेपणा. काही म्हणतील, केवढी ही श्रद्धा! आम्हांला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

हा वाद जुना आहे. सन ४००च्या सुमारास कार्थेज येथील काही मठवासीयांनी हाताने काम करायचे नाकारले. आकाशातली पाखरे आणि रानातली भूकमळे पाहा, असे प्रभूनेच सांगितले आहे, हा त्यांचा आधार. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्यांच्यासाठी एक छोटा ग्रंथच लिहिला. त्यात ते जरा चिमटा काढतात: पाखरे साठवत नाहीत हे खरे, पण ती दळत नाहीत आणि शिजवतही नाहीत, मग तुम्ही का दळता? शिवाय प्रभूच्या शिष्यांकडे पैशांची थैली होती, याची आठवण ते करून देतात. (ती थैली यहुदाच्या हाती होती ही गोष्ट वेगळी.)

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये हा गुंता नीट सोडवला. काळजी करणे हेच पाप, असे ते म्हणत नाहीत. ऐहिक वस्तू हेच जीवनाचे ध्येय मानले, त्यांच्यापायी आत्मिक गोष्टी बाजूला पडल्या, किंवा 'आपले कर्तव्य केले तर आपण उपाशी मरू' अशी भीती मनात बसली, तर ती काळजी चुकीची. आणि प्रत्येक काळजीला आपापला हंगाम असतो, असेही ते सांगतात. आपल्याकडे आवणी चालू असताना कापणीच्या मजुरीसाठी कोणी रात्र जागून काढत नाही, तसेच हे. तेव्हा हप्त्यांची वही काढून बसलेले जोडपे अविश्वासू ठरत नाही. वही पाहून झाल्यावरही जे भय उरते आणि पाऊल उचलू देत नाही, ते देवाच्या हाती सोपवायचे.

हडसन टेलर हे चीनमधील मिशनरी कॅथॉलिक नव्हते, पण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. १८५३ साली पहिल्याच प्रवासात वेल्सच्या किनाऱ्याजवळ त्यांचे जहाज वादळात सापडले. त्यांच्याजवळ पाण्यावर तरंगण्याचा पट्टा होता. तो जवळ असेपर्यंत आपला देवावर पूर्ण भरवसा नाही, असे वाटून त्यांनी तो दुसऱ्याला देऊन टाकला. पुढे त्यांनाच उमगले की साधन वापरल्याने श्रद्धा उणी होत नाही. मायदेशी परतल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण पुरे केले, १८६२ साली शल्यचिकित्सेची पदवी घेतली आणि १८६६ साली पत्नी व चार मुलांसह पुन्हा चीनला निघाले. ठरलेला पगार नाही, कर्ज काढायचे नाही, कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, असा त्यांच्या मिशनचा नियम होता. पट्टा फेकणारा तरुण आणि हा कुटुंबवत्सल माणूस, दोघांची श्रद्धा सारखीच. पण दुसऱ्याची आम्हांला अधिक पिकलेली वाटते.

येथे खरी अडचण येते. स्वतःचा पट्टा द्यायला माणूस मोकळा आहे. मुलांचा पट्टा द्यायला तो मोकळा आहे काय? मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकायला प्रभूने नकार दिला, कारण देवाची परीक्षा पाहायची नसते. मग लेकरांच्या फीवर आणि आईच्या औषधांवर तशी उडी टाकणे कसे चालेल? आईबापांनी गरिबी निवडली तर ती प्रार्थना ठरते. मुलांवर ती नुसती येऊन आदळते. निदान त्यांच्याशी बोलावे, त्यांचे ऐकावे. मात्र मुलांना कशाचीही उणीव भासू नये, हेही काही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. साधे जेवण आणि आनंदी आईबाप यांनी कोणाचे बालपण बिघडलेले आमच्या पाहण्यात नाही.

अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे पाहा. सम्राट क्लौद्य याच्या हुकुमाने त्यांना रोम सोडावे लागले. करिंथ येथे ते राहुट्या करण्याचा धंदा करीत, आणि त्याच घरात, त्याच धंद्यात त्यांनी संत पौलाला सामावून घेतले. पुढे इफिस येथे अपुल्लो या विद्वानाला त्यांनीच प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. प्रशिक्षण आणि पोटापाण्याचा उद्योग अशा दोन वेगळ्या खोल्या त्यांच्या घरात दिसत नाहीत.

आणि पौलाला तरी देवाने कसे पुरवले? थेस्सलनीका येथे असताना फिलिप्पैच्या मंडळीने त्याला एकदा नव्हे, दोनदा मदत धाडली. आकाशातून काही पडले नाही; कोणीतरी वर्गणी गोळा केली, कोणीतरी ती घेऊन चालत गेले. 'देव पुरवील' हे वाक्य त्या जोडप्याच्या तोंडी शोभते. आपण शेजाऱ्यांनी ते उच्चारले आणि घरी निघून गेलो, तर संत याकोबाने पत्रात ज्याला कान उघाडणी दिली तोच माणूस आपण.

तेव्हा ते जोडपे आलेच, तर आम्ही आधी त्यांची वही मागू, मग मुलांना बोलावू. त्यानंतर ती वही पॅरिश कौन्सिलपुढे ठेवू आणि विचारू, की या वर्षभरात आजीला दवाखान्यात कोण नेणार?