लेकराचा राग आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

कामक्रोधादी षड्रिपूंची ओळख आपणां वारकऱ्यांना कीर्तनातून लहानपणीच होते. त्यामुळे घरातले पोर संतापले, की "याच्या अंगात क्रोध शिरला" असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु सहा-सात वर्षांच्या लेकराच्या रागाला रिपू म्हणावे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आमचे म्हणणे असे, की रिपू हा शब्द जाणत्यासाठी आहे. ज्याला बरेवाईट कळते आणि कळूनही जो आवरत नाही, त्याचा क्रोध दोषास पात्र. लेकराचा विवेक अजून घडायचा असतो. आपल्याला काय होते ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात. मग हातपाय बोलतात.

दोन-तीन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, ते वयाला धरूनच आहे. भुकेचा राग भाकरीने जातो, दमणुकीचा झोपेने. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे कित्येक घरांत आईबाप सकाळची लोकल गाठतात ते दिवेलागणीनंतर परततात. दोन खोल्यांत दिवसभर "गप्प बस" ऐकलेले पोर आई दिसताच भडकते, यात नवल नाही. दिवसभर दाबलेले आईपाशीच सांडायचे.

मग काळजी केव्हा करावी? शाळेत जाऊ लागल्यावरही राग वाढतच चालला; घरी, शाळेत, खेळात सगळीकडे तेच; स्वतःला, भावंडाला किंवा मुक्या जनावराला इजा होऊ लागली; झोप-भूक बिघडली; शांत पोर एकाएकी बदलले; घरची माणसे त्याला भिऊन वागू लागली. यांतले काही आठवडेच्या आठवडे टिकले, तर राग लेकराच्या हाती राहिलेला नाही असे समजावे. "मरून जाईन" म्हणाले, तर एक दिवसही थांबू नये. मागे कधी ऐकू कमी येणे, वाचता न येणे, कोणाचा मार किंवा धाक असतो.

कोणी म्हणतील, चार रट्टे द्या, सुतासारखा सरळ येईल. माराने तोंड बंद होते, राग आत जातो. आणि बळकटाने दुबळ्यावर हात टाकावा, हा धडा मात्र पक्का होतो. दुसरे म्हणतील, हरिपाठ म्हणवून घ्या. अवश्य म्हणावा, पण शिक्षा म्हणून नव्हे. ताप आला तर आपण नामही घेतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या दुखण्याला निराळा न्याय का?

ज्ञानोबा माउली लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन ताटी लावून बसले, अशी कथा आपण ऐकतो. धाकट्या मुक्ताबाईने ताटी मोडली नाही, आणि "बसू दे" म्हणून ती निघूनही गेली नाही. दाराशी राहून बोलत राहिली. ज्ञानियांच्या राजालाही ताटीबाहेर कोणी लागले. मग आपल्या लेकराला लागले, तर त्यात कमीपणा कसला?

राग ओसरल्यावर जवळ घेऊन विचारावे. शाळेतल्या बाईंना, नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था आहे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेत २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, फुकट बोलता येते.

वारीत दमलेल्या लेकराला खांद्यावर घेताना आपण त्याच्या पायांना दोष देत नाही. मनाने दमलेल्यालाही तसाच खांदा द्यावा.