देवाची नावे आणि कथेचे कर्ते

इब्री धर्मग्रंथातील पहिली पाच पुस्तके मोशेने लिहिली, ही श्रद्धा ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांत शतकानुशतके दृढ होती. 1753 मध्ये झाँ आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील काही प्रकरणे ईश्वराला ‘एलोहीम’ म्हणतात तर काही ‘याह्वे’, हे हेरले आणि मोशेने निरनिराळ्या जुन्या नोंदी एकत्र केल्या असाव्यात, असे अनुमान मांडले. मोशेचे कर्तृत्व राखण्यासाठी मांडलेले हे अनुमान पुढे त्याच कर्तृत्वावर उलटले. 1878 मध्ये युलिउस वेलहाउझेन याने पाच पुस्तकांमागे भिन्न काळांतील चार लेखनस्रोत मानले, आणि 1977 मध्ये रोल्फ रेंडटॉर्फ याने त्या सलग स्रोतांऐवजी स्वतंत्रपणे वाढलेले कथासमूह पुढे केले. देवाचे नाव हा कर्त्याचा माग आहे, ही कल्पना अशा रीतीने प्रथम ठाम झाली आणि नंतर सावध झाली.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड गुहेशी जोडलेल्या लिंगोकथेला हीच कसोटी लावता येते. माघ पौर्णिमेला जेथे अनेक राज्यांतून गोंड भाविक जमतात त्या या गुहेत गोंडांचे पूर्वज कोंडले गेले होते आणि पारी कुपार लिंगो या आद्य धर्मगुरूने त्यांना मुक्त केले, असे मानले जाते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, टिपून घेतलेला या कथेचा गोंडी पाठ त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गोंडांना कोंडणारा महादेव आहे, आणि लिंगो ज्याची पूजा शिकवतो तो फर्सा पेन. ‘पेन’ म्हणजे गोंडीत देव. विसाव्या शतकात मोतीरावण कंगाली यांनी कोया पुनेम या गोंडी धर्माची मांडणी करताना कोंडणाऱ्याला शंभू शेक म्हटले, ही अनेक शंभूंच्या परंपरेतील पदवी मानली आणि मुक्तीच्या प्रसंगात लिंगोसोबत जंगो रायताड व वादक हिरासुका यांना स्थान दिले.

महादेव हे नाव म्हणजे हिंदू प्रभावाचा उत्तरकालीन थर आणि शंभू शेक हे मूळ रूप, असा निष्कर्ष येथे सहज सुचतो, पण तो घाईचा ठरतो. पचमढीच्या महादेवाच्या यात्रेत गोंड पिढ्यान्‌पिढ्या सहभागी होत आले आहेत, त्यामुळे ते नाव त्यांना परके म्हणता येत नाही. शिवाय मौखिक कथेत गायक, श्रोता आणि टिपणारा हे तिघेही पाठ घडवत असल्याने कंगालींची मांडणीही त्या परंपरेचा एक नवा थर ठरते. नावांतील फरक थर असल्याचे दाखवतो, परंतु त्यांतला कोणता आधीचा, हे तो एकटा ठरवू शकत नाही. त्यासाठी भाषा, विधी आणि कुळपरंपरा यांचा जोडपुरावा लागतो. म्हणून गोंदिया, गडचिरोली आणि बालाघाट परिसरातील परधानांचे पाठ गायक, गाव व तारीख यांच्या नोंदीसह मूळ गोंडीत संकलित करणे, हे विद्यापीठांचे आणि गोंडी अभ्यासकांचे पहिले काम आहे.