शिंग्रोबाच्या पायरीवरून

देवा शिंग्रोबा, आज नाणं खिडकीतून फेकलं नाही. बस कडेला उभी करून उतरलोय. चालत्या गाडीतून टाकलेलं नाणं तुझ्या पायाशी पडतच नाही. हातातून सुटलं तरी गाडीचा वेग त्याच्या अंगात असतो. ते देऊळ ओलांडून गटारात जातं. वीस वर्षं तुला गटारात दक्षिणा घातली, माफ कर.

बोरघाटाची वाट इंग्रजांना तू दाखवलीस आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्लीस, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणून उतरणीचं मागणं तुझ्यापाशीच.

खंडाळ्यापासून खोपोली सुमारे पाचशे मीटर खाली. पोरगी नववीत ‘गतीचे नियम’ शिकते. तिनं वहीत मांडून दाखवलं: ब्रेक, गिअर, वारा, काहीच आडवं आलं नाही, तर खाली पोचताना बसचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर. बस भरलेली असो की रिकामी, आकडा तोच. मला पटेना, दोनदा करायला लावलं. मग म्हणाली, “बाबा, वेग तोच, पण थांबवायला लागणारा जोर वजनाप्रमाणे.” हे मला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. माझ्या उजव्या पायाला विचार.

देवा, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची बुद्धी देऊ नकोस. चढाला जो गिअर, तोच उताराला. गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला मागे धरतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. एकदा तो जळका वास नाकात शिरला होता. दोन वळणं पाय दाबतोय आणि गाडी ऐकत नाही. तेव्हा तूच होतास, की चढाचा तुकडा आला, मला अजून कळलेलं नाही.

वेग दुप्पट केला की थांबायला जागा चौपट लागते, हे मागून हॉर्न मारणाऱ्यांनाही सांग. आणि साठच्या वेगात कोणी आडवा आला, तर माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर गेलेली असते. तेवढा सेकंद तुझ्या हवाली.

पाऊस लागलाय. टायर आणि डांबर यांच्यामधलं घर्षण तेवढं राहू दे. मागे चव्वेचाळीस माणसं झोपलीत. मी ब्रेक मारला तरी त्यांची अंगं पुढेच जाणार, तेव्हा करकचून मारायची वेळ आणू नकोस.

नाणं पायरीवर ठेवलंय. दुसरा गिअर टाकतो. सांभाळ.