चाकाची जड बाजू

न्यायाला तराजूची उपमा देण्याची रीत फार जुनी आहे. आम्हांला ती नेहमीच अपुरी वाटत आली. तराजू जागच्या जागी उभा असतो. अधिकार गाजविणारा माणूस चालता असतो. त्याला मोटारसायकलच्या तारांच्या चाकाची उपमा अधिक शोभते.

म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडणारी येझदी आमच्या वडगावात अजून एखाददुसरी दिसते, आणि मागांच्या खडखडाटातही तिचा आवाज ओळखू येतो. अशा गाडीचे चाक घरच्या घरी समतोल करता येते. चाक उतरवून त्याचा आस दोन टेकूंवर समपातळीत ठेवावा. चाक हलकेच फिरवून सोडून द्यावे. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. बहुधा ती वॉल्व्हजवळ असते. अगदी वर आलेल्या जागी खडूची खूण करून तेथील तारेला थोडी सोल्डरची तार गुंडाळावी आणि पुन्हा फिरवून पाहावे. चाक कोठेही थांबू लागले की काम झाले. मात्र चेन किंवा ब्रेक लागलेला असेल, बेअरिंग जाम असेल, तर सदोष चाकही कोठेही थांबते आणि निर्दोष भासते.

रिमवर २० ग्रॅम वजन अधिक असेल, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला ते सुमारे अर्ध्या किलोच्या जोराने चाकाला ओढते. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. सुमारे दोन किलोंचा हिसका, तोही सेकंदाला दहा वेळा. अधिकाराचेही तसेच आहे. कारकुनाच्या मनातला जो कल कोणाच्या ध्यानातही येत नाही, तोच वरच्या खुर्चीत तालुका हादरवितो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या मराठी घरांतील अनेकजण येथील राज्याच्या सेवेत गेले. समोरच्या अर्जदाराची बोली कानी पडताच मन किंचित झुके. हा गुन्हा नव्हे. ते वॉल्व्हचे वजन आहे; चाकात हवा तेथूनच भरते, आणि वॉल्व्ह कापून कोणी चाक समतोल करीत नाही. प्रश्न समोरच्या बाजूला किती वजन लावावे, हा आहे.

पक्षपाताचा शिक्का बसू नये म्हणून मराठी शेतकऱ्याच्या कागदांत नसत्या त्रुटी काढणारे मराठी अधिकारी आम्ही पाहिले. कन्नड अर्जदाराच्या तशाच त्रुटीकडे ते काणाडोळा करीत. (कन्नड सहकाऱ्यांतही याचे उलट नमुने होते.) लोक याला निःस्पृहता म्हणत. आमच्या मते २० ग्रॅमच्या दोषावर ५० ग्रॅम लावल्यासारखे ते होते. चाक दुसरीकडे ३० ग्रॅमने जड झाले, म्हणजे मुळाहूनही अधिक बिघडले. आणि त्याचा हिसका बसे तो हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला.

वरिष्ठांची नजर किंवा वर्तमानपत्रांचा धाक असताना हा कल मोजता येत नाही. तेव्हा ब्रेक लागलेला असतो. कोणी पाहत नसताना, नावाचा रकाना झाकून तोच अर्ज पुन्हा वाचावा, आणि निर्णय बदलतो का ते पाहावे. बदलला, तर जेवढा बदलला तेवढेच वजन लावावे.

टायर बदलला की ही तपासणी नव्याने करावी लागते. खानापुराहून विजापुरास बदली झालेल्या मराठी अधिकाऱ्यापुढे मराठी अर्जदार क्वचितच येत. तेथे त्याचे मन शहरी अर्जदाराकडे झुकते की खेडुताकडे, हे त्याला पहिल्यापासून शोधावे लागे.