ताटीबाहेर बसलेली माणसं

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव महाराष्ट्राला एका तारखेमुळे माहीत आहे. १९ मार्च १९८६ रोजी इथले शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर इथे पत्नी मालतीताई आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. साहेबराव अनेक वर्षं गावचे सरपंच होते, गाण्या-भजनात रमणारा माणूस होता. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेकडे पाहिलं जातं, आणि २०१७ पासून दरवर्षी त्या दिवशी ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. घटनेमागचं कर्जाचं आणि शेतमालाच्या भावाचं गणित पुष्कळांनी मांडलं. ते मांडायलाच हवं होतं. मला मात्र त्या चार लेकरांचा विचार सोडत नाही.

पुढच्या दशकांत या पट्ट्यात अशी घरं वाढत गेली, जिथे कर्ता माणूस गेला आणि लेकरं मागे राहिली. सरकारी मदतीसाठी मृत्यूची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी होते. लेकराच्या दुःखाची तपासणी करणारी समिती मात्र कुठे नसते. यातली कितीतरी लेकरं कुठल्याही आश्रमात गेली नाहीत. ती आजीजवळ वाढतात, मामाच्या घरी राहतात, काकूच्या हातचं खातात. आई कामासाठी पुण्याला गेली किंवा तिचं दुसरं लग्न झालं, तर तीही दुरावते. आजीचे गुडघे गेलेले, निराधार योजनेचे पैसे कधी येतात कधी रखडतात, आणि सकाळी नातवाचा डबा तर करायचाच असतो. याच जिल्ह्यात मूल कायदेशीर दत्तक घेतलेली जोडपी आहेत, संस्थेतलं मूल काही वर्षांसाठी घरी सांभाळणारी कुटुंबं आहेत. या सगळ्यांच्या पदरात पडलेलं लेकरू धसका घेऊन आलेलं असतं. त्या लेकरांना सांभाळणाऱ्या माणसांसाठी मी हे लिहितो आहे.

धसका घेतलेलं मूल बाहेरून दुःखी दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते हट्टी दिसतं, खोटारडं दिसतं, कृतघ्न दिसतं. पोटभर जेवून उठलेलं पोर उशाखाली भाकरी लपवतं. कुणी मोठ्याने हाक मारली तरी अंग चोरतं. पहिले काही महिने अगदी शहाण्यासारखं वागतं आणि घरचे निर्धास्त झाले की भांडी फेकतं. जवळ घ्यायला गेलं तर ढकलून देतं, आणि तुम्ही बाजाराला निघालात की पदर सोडत नाही. रात्री दचकून उठतं. काही मुलं उलट इतकी आज्ञाधारक होतात की त्यांचं अस्तित्वच जाणवू नये. त्यांची काळजी अधिक करावी, कारण त्यांनी मागणंच सोडून दिलेलं असतं.

हे का होतं, ते समजून घेतलं तर निम्मा राग तिथेच ओसरतो. ज्या वयात मोठ्या माणसाच्या आधाराने जग ओळखायचं, त्या वयात तो आधारच निसटला किंवा त्याच हाताने मारलं, तर शरीर कायम सावध राहायला शिकतं. छातीची धडधड आणि पळण्याची तयारी विचाराआधी सुरू होते. त्या क्षणी उपदेश कानावर पडतो, आत पोचत नाही. शिवाय लहान मुलाला कुणी खरं सांगितलं नसेल, तर ते स्वतःच कारण शोधतं आणि बहुतेक वेळा ते कारण स्वतःमध्येच सापडतं: मी वह्यांचा हट्ट केला म्हणून बाबा गेले. मग नव्या घरातली माया त्याला सुखाची वाटत नाही, धोक्याची वाटते. ही माणसंही जातीलच, तर आत्ताच पाहू किती टिकतात, असा तो झगडा असतो. तो तुमच्याशी नसतो. पण त्याचे ओरखडे तुमच्याच अंगावर उठतात, हेही तितकंच खरं.

अशा वेळी गाव सांभाळणाऱ्याला काय सांगतं? मोठं पुण्य केलंस, म्हातारपणी हा तुझे पांग फेडेल, देव बघतोय. बोलणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण या वाक्यांत श्रद्धेचा सौदा होतो: इतकी माया दिली, आता तितकं फळ मिळावं. पोरगं दोन वर्षांनीही शांत झालं नाही, शाळेतून तक्रार आली, की सांभाळणारी बाई आतून मोडते. आपलीच भक्ती कमी पडली, किंवा देवानेच फसवलं, असं तिला वाटू लागतं. मला वाटतं, श्रद्धेने इथे मूल बरं होण्याची हमी देऊ नये. फळ दिसत नसतानाही दारापाशी बसून राहण्याचं बळ द्यावं. आपल्या परंपरेने हे बळ दिलेलं आहे. ते आपण कीर्तनात ऐकतो आणि घरात वापरायला विसरतो.

आळंदीची ती चार भावंडं आठवा. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून घर वाळीत पडलं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, अशी परंपरा सांगते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही पोरकी लेकरं लोकांचे टोमणे ऐकत वाढली. ज्यांना आपण माउली म्हणतो, ते आधी आईबाप एकाच वेळी गमावलेलं मूल होते. एकदा असाच अपमान झाला आणि ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. बाहेर आली ती धाकटी मुक्ता. तिने तेव्हा जे म्हटलं ते ताटीचे अभंग म्हणून आपल्याकडे सातशे वर्षं गायलं जातं.

त्या प्रसंगात मुक्ताबाई काय करते आणि काय करत नाही, ते बघण्यासारखं आहे. ती ताटी मोडत नाही, आणि कंटाळून निघूनही जात नाही. राग सोडायला ती भावाला सांगते, पण त्या रागापायी त्याला सोडून देत नाही. तो मुळात कोण आहे याची ती त्याला पुन्हा पुन्हा ओळख देते. जखम तिचीही तीच होती, म्हणून तिच्या बोलण्यात वरून केलेला उपदेश नाही. पण उघडायची कडी आतल्या बाजूला आहे, हे तिने ओळखलेलं आहे. नातवाला सांभाळणाऱ्या आजीने तर स्वतःचा मुलगा गमावलेला असतो. दोघांच्या दुःखाचं मूळ एकच असतं. तिने काही दिवस नुसतं जवळ बसून भाजी निवडली, पोराला बोलतं करण्याचा आग्रह धरला नाही, तरी ती मुक्ताबाईचंच काम करत असते.

जनाबाईची गोष्ट याच्या पुढची आहे. गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि परक्या घरात वाढली. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळण दळतो, शेण्या वेचतो. आणि हीच जनाबाई त्या विठ्ठलावर संतापते, त्याला शिव्याशाप देते. वारकऱ्यांनी ते अभंग लपवले नाहीत, टाळ-मृदंगावर गायले. देवाला बोल लावणं जिथे भक्तीत बसतं, तिथे सांभाळणाऱ्या माणसावर ओरडणारं पोर नात्याबाहेर पडलं, असं आपण कसं म्हणू? ज्याच्यावर रागावूनही आपल्याला कुणी हाकलणार नाही, त्याच्यावरच मूल मोकळेपणाने रागावतं. हा राग सोसायला जड असला तरी पुष्कळदा तो भरवशाची सुरुवात असतो.

पण माया केली की सगळं भरून येतं, असंही आपल्या कथा सांगत नाहीत, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. नदीत सोडलेल्या कर्णाला अधिरथ आणि राधेने वाढवलं. पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण राधेकडे बोट दाखवतो: माझ्यावरच्या मायेने तिला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, तिला मी कसा सोडू? राधेच्या प्रेमाला याहून मोठी पावती कुठली? तरीही टाकून दिल्याचा सल कर्णाच्या मनातून गेला नाही आणि त्याचे कितीतरी निर्णय त्या सलातून झाले. राधेची माया कमी नव्हती, जखम खोल होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ज्या आईबापांना कळलं, ते स्वतःला अपराधी मानणं थांबवतात.

हा आधार एकाच धर्मात आहे असंही नाही. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी आई मायादेवी गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवलं. विदर्भातल्या बुद्धविहारांत तिचं नाव आदराने घेतलं जातं. पैगंबर मुहंमद पोरके होते. आजोबांनी आणि मग काकांनी त्यांना सांभाळलं, आणि यतिमाशी कठोर न वागण्याची शिकवण इस्लाममध्ये पुन्हा पुन्हा येते. महागावच्या कुठल्याही वस्तीत, कुठल्याही तांड्यावर, परक्या लेकराला पोटाशी धरणारं माणूस आपापल्या देवापाशी जाईल तेव्हा तिथे त्याला आपल्यासारखं कुणीतरी आधीच भेटेल.

श्रद्धेच्या नावाखाली होणारं नुकसानही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. रात्री किंचाळणाऱ्या पोराला बाहेरची बाधा झाली म्हणून भगताकडे नेऊ नका. अशा ‘उपचारां’तून मारहाण आणि छळ होऊ नये म्हणून महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. तुझं मागच्या जन्मीचं कर्म, असं लेकराला कधीही सांगू नका. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या जिवावर तो दुसरा घाव असतो. ‘आम्ही नसतो तर तुझं काय झालं असतं’ हेही सांगू नका. त्याचे जन्मदाते कसेही असोत, त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं त्याला स्वतःबद्दल बोलल्यासारखं लागतं. वडील गेले ते कसे, हे वयाला झेपेल इतक्या शब्दांत पण खरं सांगा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती हे अनेकदा सांगा. देवघरात त्या गेलेल्या माणसाचा फोटो राहू द्या.

मग श्रद्धा करते तरी काय? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला याचं उत्तर मिळतं. गाडगेबाबांना मानणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग लेकरांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली, दृष्टी नसलेली एक मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिचं यश आनंदाचं आहेच. पण जी मुलं कधी बोलणार नाहीत, कधी परीक्षा देणार नाहीत, त्यांनाही तेच नाव आणि तेच घर आहे. मला वझ्झरची श्रद्धा तिथे दिसते. गाडगेबाबा स्वतः दारूने बाप गमावलेला मुलगा, आईबरोबर दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेला. भुकेल्याला अन्न आणि निराश्रिताला आसरा हा त्यांचा धर्म पोथीतून आला नव्हता.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय? तुम्ही थकता, चिडता, कधी हात उगारावासा वाटतो, कधी हे लेकरू नको होतं असाही विचार मनात येऊन जातो. हा विचार आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. तो आला की मदत मागायची वेळ झाली, एवढंच समजा. मदत मागणं हा देवावरचा अविश्वास नाही. रात्री-अपरात्री मन हाताबाहेर गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. नात्यातलं मूल सांभाळणाऱ्या घराला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समितीकडे जावं लागतं. योजनेला दिलेलं नाव सार्थ आहे. एका विधवेच्या पोटच्या यशवंतला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या.

पण योजनेचा अर्ज भरायला आजीबरोबर यवतमाळला कोण जाणार? एक दिवस पोराला आपल्या घरी ठेवून तिला झोपू कोण देणार? शाळेत त्याला ‘आत्महत्यावाल्याचा पोरगा’ म्हणणाऱ्यांना कोण थांबवणार? गावोगावच्या हरिनाम सप्ताहात सात दिवस अन्नदान होतं, वीणा खाली ठेवली जात नाही. पहारे लावून माणसं ती आळीपाळीने हाती घेतात. एका लेकराचा भार एका म्हातारीच्या खांद्यावर टाकून आपण सगळे पुण्यवान म्हणवून घेणार असू, तर त्या सप्ताहातून आपण काही शिकलो नाही. भजनी मंडळाने, विहाराने, मशिदीने, चर्चने आपापल्या भागातली अशी घरं शोधावीत आणि त्यांचेही पहारे वाटून घ्यावेत.

सांभाळणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. लेकराने तुम्हाला आई म्हणावं, शहाणं व्हावं, तुमचे पांग फेडावेत, यातलं काही तुमच्या हातात नाही आणि त्यावर तुमची परीक्षाही नाही. जेवण वेळेवर मिळेल, मारलं जाणार नाही, खरं सांगितलं जाईल आणि उद्याही आपण इथेच असू, या चार गोष्टींचा त्याला भरवसा देणं तुमच्या हातात आहे. जगावरचा भरवसा उडालेल्या लेकराला देवाची पहिली ओळख अशाच माणसाकडून होते.