मनाचा आजार आणि शेजाऱ्याचे कर्तव्य



हाड मोडले तर सारी आळी मदतीला धावते. मन खचले तर मात्र घरचे लोक दार लावून घेतात. 'मुलीचे लग्न जमायचे आहे', 'बाहेरचे काहीतरी असेल', 'आपोआप बरे होईल' असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे तिच्यात दिसून आले.

याला लाज हे एक कारण, तर अंतर हे दुसरे. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. जिल्हा रुग्णालयांतही उपचार मिळतात. पण मोखाड्याच्या पाड्यावरील मजूर बाईने शहर गाठायचे म्हटले तर तिची रोजी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. शिवाय हा आजार एका खेपेत बरा होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी ते मोफत केले. तरीही कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत पाड्यावर जात नाही.

मग कोणी जावे? गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत याचे एक उत्तर शोधले गेले. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ साली छापला. त्यातील समुपदेशक डॉक्टर नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाशी बोलत आणि सुटून गेलेली रोजची कामे व गाठीभेटी पुन्हा सुरू करायला त्याला मदत करीत. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना केवळ आरोग्यकेंद्राची सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. श्रीमंताला तज्ज्ञ आणि गरिबाला शिकवून तयार केलेला शेजारी, हा न्याय म्हणावा काय? ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. सर्वांना एकच वस्तू द्यावी, असा याचा अर्थ नाही. पण गरिबाला काहीही चालते, असाही नाही. आपण एक कसोटी लावून पाहावी: हीच सेवा आपल्या लेकराला चालेल काय? नैराश्यासाठी चालेल, असे गोव्याचा अनुभव सांगतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात मात्र डॉक्टर व औषध हवेच. म्हणून शेजाऱ्याच्या पाठीशी डॉक्टर उभा असेल, तेव्हाच तो न्याय होतो. डॉक्टर नेमायचे टाळण्यासाठी शेजाऱ्याला पुढे केले, तर ती फसवणूक होते. तसेच हे काम करणाऱ्याला, बहुधा करणारीला, योग्य मोबदला मिळाला पाहिजे. एका गरिबाची सेवा दुसऱ्या गरिबाच्या फुकट श्रमावर उभी राहू नये.

दयाळू शोमरोनी वैद्य नव्हता. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जखमीला त्याने उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि वरचा खर्च परतताना देण्याचे कबूल केले. जवळ जाणे, पुढे नेणे आणि खर्च उचलणे, ही तिन्ही कामे त्याने केली. आपण बहुधा पहिल्यावरच समाधान मानतो.

आपल्या धर्मग्रामात कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याला 'वेडा' म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, दवाखान्यात सोबत जावे, गाडीभाड्याची अडचण असल्यास आपण मिळून ती सोडवावी. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करावी, परंतु त्याच्या गोळ्या बंद करून नव्हे. जीव देण्याची भाषा कोणी केली तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२पासून शासनाची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरी लिहून ठेवावा आणि ज्याच्याकडे हे पत्रक पोहोचत नाही, त्यालाही सांगावा.